कैसरची मिशी

मी न्हावी. जगाचा इतिहास मला कळला तो माणसांच्या वरच्या ओठावरून. कर्जत स्टेशनाबाहेर माझं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लाकडी खुर्ची, एक बाक आणि कडेने पारा उडालेला आरसा. घाट चढायचा तर इथे गाडीला मागून दुसरं इंजिन जोडावं लागतं, म्हणून प्रत्येक गाडी इथे थांबते. गाडी थांबली की माणूस उतरतो आणि उतरला की हनुवटीवरून हात फिरवतो. त्या हातावर माझं पोट चाललं.

पहिली मोठी लढाई पेटायच्या आधी माझे वस्तरे जर्मनीहून यायचे. मुंबईहून ते आणणाऱ्या दलालाने मला एक रंगीत चित्र भेट दिलं होतं. युरोपातले सहा राजे एका रांगेत उभे, छातीवर बिल्ले, कमरेला तलवारी आणि प्रत्येकाची मिशी वेगळी. त्यातले दोघे इतके सारखे होते की छापणाऱ्याने आळस करून एकच चेहरा दोनदा वापरला असं मला वाटलं. दुकानात रोज वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या पेन्शनीतल्या मास्तरांनी सांगितलं की एक विलायतेचा, दुसरा रशियाचा, दोघे मावसभाऊ. आणि तो मिशीची टोकं डोळ्यांपर्यंत चढवलेला जर्मनीचा बादशहा विलायतेच्या राजाचा आतेभाऊ. ते चित्र मी आरशाशेजारी लावलं. गिऱ्हाईक बसलं की विचारायचो, कुठला राजा काढू?

बहुतेक लोक हसून नेहमीचीच मिशी काढून घेत. एकाने मात्र बोट ठेवलं ते थेट जर्मनीवर.

तो खालापूरच्या रस्त्यावरच्या एका गावचा, भातशेतीवाला. वय तिशीच्या आत-बाहेर, बहिणीला एकटाच भाऊ, घरात दोन बैलजोड्या, आणि अंगात त्या बैलांपेक्षा जास्त माज. त्याची मिशी घडवायला मला दीड महिना लागला. डोंगरातून ठाकरांच्या बायका मध आणि मेण घेऊन बाजाराला येत. ते मेण खोबरेल तेलात वितळवून मी टोकांना लावायचो आणि फडक्याच्या पट्टीने मिशी वर बांधून ठेवायचो. पट्टी सुटली की टोकं जागच्या जागी उभी. तो आरशात बघायचा, मग चित्राकडे, मग बाकावरच्या लोकांकडे. लोकांनी त्या बादशहाच्या किताबावरून त्याचं नाव कैसर पाडलं आणि ते त्याला आवडलं. लांब राहणाऱ्या एका बादशहाचं तोंड आपल्या तोंडावर लावून हा माणूस वालाच्या शेतातून हिंडायचा, आणि खोटं कशाला सांगू, ते काम माझ्या हातचं म्हणून मलाही त्याचा अभिमान होता.

तो अभिमान त्यानेच मोडला. एका बाजाराच्या दिवशी दुकान भरलेलं असताना कोणीतरी मिशीचं कौतुक केलं आणि म्हणालं, हात चांगला आहे हो कारागिराचा. त्यावर हा खुर्चीतून म्हणाला की मिशीला घराणं लागतं, न्हाव्याचा हात आणि कुत्र्याची जीभ सारखीच, दोन्ही फुकट चाटतात. सगळे हसले. मीही हसलो. वस्तरा त्याच्या गळ्याशी होता, आणि मी हसत हसत दाढी पुरी केली.

लढाई सुरू झाली तेव्हा आम्हाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. भाऊबंदकी आमच्याकडे बांधावरून होते, त्यांची जग पेटवून झाली, एवढंच. मग वस्तरे यायचे बंद झाले. खोपोलीकडे वीज तयार करायचा कारखाना उभा राहत होता, तिथे यंत्रं बसवायला आलेल्या एका जर्मन साहेबाला पोलिसांनी धरून आणलं आणि आमच्या स्टेशनावर तासभर बसवून ठेवलं. तो माझ्याकडे दोनदा दाढीला आलेला होता. दोन शिपायांच्या मध्ये बाकड्यावर बसून तो केळं खात होता. सगळा बाजार त्याची मिशी बघायला लोटला, कारण ती तशीच होती, चढवलेली. त्याच दिवशी मी चित्रातल्या जर्मनीच्या बादशहावर खळ लावून कागद चिकटवला. वस्तरा मात्र जर्मनच ठेवला. पोटापुढे राजनिष्ठा किती चालणार?

कैसरने मिशी उतरवली नाही. लोक चिडवायचे, आता तुला पण धरणार. तो टोकं पिळायचा आणि म्हणायचा, धरू दे.

लढाईच्या शेवटच्या वर्षी, शिमगा जवळ आला होता तेव्हा, तो सकाळीच दुकानात आला. त्याचा बाप खोकल्याने आजारी होता आणि नेरळला मुलीच्या घरी राहिला होता, तिथल्या वैद्याचं औषध चालू होतं म्हणून. याला नेरळची गाडी धरून बापाला बघायला जायचं होतं. गाडीला वेळ होता. मिशीला तेवढं मेण लावून दे म्हणाला, मास्तरांना बाकावरून उठवलं आणि स्वतः पाय पसरून बसला.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळा मारला. हे मी आज साठी उलटल्यावर लिहितो आहे, तेव्हा दोष मास्तरांवर ढकलता आला असता, ते तर कधीच गेले. पण डोळा मी मारला.

मास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं आणि त्यात नसलेली बातमी घसा खाकरून वाचली. सरकारचा हुकूम झाला आहे की जर्मन बादशहाच्या धर्तीची मिशी जो ठेवील तो शत्रूचा हेर समजला जाईल. त्याला स्टेशनावर किंवा गाडीत जिथे दिसेल तिथे धरावं आणि लढाईवर बसऱ्याला खंदक खणायला पाठवावं. शेवटी हुकूम काढणाऱ्याचं इंग्रजी नावही त्यांनी जागच्या जागी तयार केलं. नेमके त्याच वेळी स्टेशनाच्या दारात दोन शिपाई विडी ओढत उभे होते. ते रोजच उभे असत.

कैसरला वाचता येत नव्हतं. पण बाकड्यावर केळं खाणारा साहेब त्याने डोळ्यांनी बघितला होता. भरतीवाले गावोगाव फिरत होते, तेही त्याला माहीत होतं. त्याचा चेहरा उतरला. तरी तो लगेच खुर्चीत बसला नाही. म्हणाला, "बा जिता हाय माजा. मिशी कशी काडू?"

इथे थांबून सांगायला हवं. आमच्या भागात माणूस मिशी काढतो ती बाप मेल्यावर, चितेला अग्नी द्यायच्या आधी. मग दहा दिवस तोंडाला वस्तरा लागत नाही आणि दहाव्याला नदीवर पुन्हा क्षौर. दोन्ही वेळा वस्तरा आमचाच. बाप जिवंत असताना ज्याचा वरचा ओठ उघडा दिसला त्याने बापाचं मरण मागून घेतलं असं धरतात. हे माझ्याइतकं पक्कं कोणाला माहीत असणार?

मी म्हणालो, "टोकं छाटून भागायचं नाय, दादा. हुकमात मिशी म्हटलंय. उपरण्यानं त्वांड झाकून जा. महिन्याभरात परत येतीया."

तो बसला. मला वाटलं होतं की साबण लावीन आणि हसून सोडून देईन. हात उचलला तेव्हा न्हाव्याचा हात आणि कुत्र्याची जीभ आठवली. दोन फटकाऱ्यांत दीड महिन्याचं काम आणि सहा वर्षांची मिजास फडक्यावर पडली. मिशीखालची कातडी पांढरी होती. तो एकदम कोणाचातरी घाबरलेला पोरगा दिसायला लागला, आणि मला फार बरं वाटलं. तो गेल्यावर मास्तर आणि मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

पुढचं मला संध्याकाळपर्यंत दहा तोंडांनी कळलं. असल्या ओठाने बापासमोर जायची त्याची हिंमत झाली नाही. गाडी सोडून तो घरी परत फिरला, तोंडावर उपरणं धरून. आई अंगणात वाल सोलत बसली होती. मुलगा सकाळी बापाला बघायला गेला तो दुपारच्या आत परत येतो, तोंड झाकून येतो, डोळे लाल, आणि काही बोलत नाही. तिने उठून उपरणं ओढलं. उघडा ओठ बघितला.

"गेलं?" एवढंच तिने विचारलं म्हणतात.

तो नाही म्हणाला की त्याच्याने बोलवलंच नाही, ते मला आजवर नक्की कळलेलं नाही. तिने उखळाच्या कडेवर दोन्ही हात आपटले. बांगड्या फुटल्या. कुंकू पुसलं. शेजारणी धावल्या, गळ्यात पडल्या आणि रडण्याचा गोंगाट एवढा झाला की त्यात याचं बोलणं कोण ऐकणार? गावातल्या सहा-सात जणांनी तिरडीचे बांबू खांद्यावर घेतले आणि ते दुपारच्या गाडीने नेरळला गेले. मुलीच्या दारात पोचल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे हंबरडा फोडला. म्हातारा ओटीवर बसून पेज खात होता.

लोक सांगताना इथे हसायचे. मीही पहिल्या दिवशी हसलो.

म्हातारा तिसऱ्या दिवशी बैलगाडीने घरी आला. औषध सोडून आला. भटजींना विचारून झालं होतं. ते म्हणाले, चुकून झालंय, शांती करा आणि पुन्हा बांगड्या भरा, दोष नाही. कासार दारात बसवलेला होता. म्हातारा गाडीतून उतरला तो आधी बायकोच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सांगावा घिऊन माणूस आला न्हवता, तवर हिनं कपाळ पुसलं. घाई लागली व्हती हिला. फुटल्या त्या फुटल्या."

आणि मुलाला म्हणाला, "मला जितेपनी जाळलास ना? आता मी मरंस्तवर त्वांड असंच ठिवायचं. केस दिसला तर घरात पाऊल टाकायचं नाय."

कासार उठून गेला. लोकांना वाटलं, म्हातारा आठवड्यात निवळेल. गावाने समजावलं, मुलगी नेरळहून येऊन पाया पडली. त्याने कोणाचं ऐकलं नाही. आपलं मरण इतक्या सहज पटलं याचा राग त्याच्या डोक्यात बसला होता, आणि तो खोकला बरा झाला तरी राग गेला नाही. नवरा ओटीवर बसलेला आणि बायको मोकळ्या कपाळाने त्याला पान वाढते आहे, असं त्या घरात चालू झालं. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवेना. वाटेत समोरून आली तर कामाला निघालेली माणसं बाजूला होऊन थांबत.

कैसर दर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊ लागला, वरचा ओठ तासून घ्यायला. मी पहिल्यांदा म्हणालो, घरी काढत जा, इतका लांब कशाला येता? त्याने खुर्चीत बसून मान मागे टाकली.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटाला मानमोडीचा ताप आला. लढाईवरून परतलेल्या शिपायांनी तो आणला असं मास्तर म्हणायचे, आणि त्याच तापात तेही गेले. कैसरची आई तीन दिवसांत गेली. सकाळी तो धावत बाजारात आला आणि माझ्या शेजारच्या कासाराकडून त्याने हिरव्या बांगड्यांचा डझन घेतला. नवरा जिवंत असताना बाई गेली की तिला हिरव्या बांगड्या भरून, कपाळभर कुंकू लावून पाठवतात. जन्मभर कष्टलेल्या बाईला तेवढा एकच मान मिळतो आणि प्रत्येकीला तो हवा असतो. गावातल्या बायकाही तयार होत्या. म्हातारा उंबऱ्यात बसून राहिला आणि म्हणाला, ती रांडाव झाली ती तिच्या हातानं, आता मढं सजवू नका. मेलेल्या माणसासमोर भांडण नको म्हणून बायका गप्प बसल्या. तिला तशीच नेली, बोडक्या कपाळाने.

चार दिवसांनी कैसरने बांगड्या परत आणल्या. कासार म्हणाला, मढ्याच्या नावाने नेलेला जिन्नस मी परत घेत नाही. तेव्हा त्याने त्या कागदासकट माझ्या आरशाखालच्या फळीवर ठेवल्या आणि तो निघून गेला. मी हाक मारली नाही. मला भीती वाटली, आणि त्या भीतीचं नाव मला तेव्हा माहीत होतं, आजही आहे.

लढाई संपली. चित्रातले राजे एकेक करून गळाले. रशियाच्याला त्याच्याच लोकांनी मारलं. जर्मनीचा पळून गेला आणि कुठेतरी लाकडं फोडत बसला असं छापून आलं. त्याने दाढी ठेवली म्हणे. मी कागद खरवडून काढला तर खाली चेहराच उरला नव्हता, खळीबरोबर निघून आला.

मग बाजाराच्या मैदानात तंबू ठोकून बायोस्कोप येऊ लागला. अमेरिकेतला एक ठेंगणा विनोदी नट, ढगळ विजार आणि नाकाखाली माशीएवढी मिशी, लोकांना फार आवडला. रेल्वेतली फायरमनची पोरं येऊन तीच मागायची. मी ओठावर दोन्हीकडून तासायचो आणि मध्ये माशी ठेवायचो. पुढे भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला लागलेले बाबू आले, त्यांना बोलपटातल्या नायकासारखी पेन्सिलीने ओढल्यासारखी रेघ हवी. जर्मनीत नवा पुढारी आला, त्याचा फोटो छापून आला, तर नाकाखाली तीच माशी. आमच्या बाकावरचे म्हणाले, विनोदी नट राज्यावर बसला का काय? सगळे हसले. इटलीचा पुढारी तर सफाचट. त्याचा बाप गेला का, अशी एका शेतकऱ्याने माझ्याकडे चौकशी केली.

हे सगळं ज्या खुर्चीवर चाललं तिच्यावर दर तिसऱ्या दिवशी कैसर येऊन बसायचा. गालाला साबण नको, फक्त वरचा ओठ. केस पिकले, दात पडायला लागले, पण त्याचा ओठ तेवढा लहान मुलासारखा.

एकदा तो बाकावर वाट बघत होता आणि खुर्चीत एक तरुण कारकून होता. कारकुनाने सांगितलं, मिशी नको, साफ काढा, आता मुंबईत असंच ठेवतात. त्याचा बाप शेजारीच बसला होता, जिताजागता, विडी ओढत. मी बापाकडे बघितलं. तो म्हणाला, काढा की, आजकाल कोण बघतंय? मी काढली. पोरगा उठला, बापाने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघे भजी खायला गेले. कैसर त्यांच्याकडे बराच वेळ बघत होता. मग खुर्चीत येऊन बसला आणि मान मागे टाकली. त्या दिवशी माझा वस्तरा सरकला आणि त्याच्या ओठातून रक्त आलं. तुरटी लावली तरी तो हलला नाही.

त्या आठवड्यात मी त्याच्या गावी गेलो. म्हाताऱ्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं. म्हातारा नव्वदीला टेकलेला, ओटीवर घोंगडीत. मी सांगितलं की हुकूम नव्हताच, थट्टा माझी, मुलाचा दोष नाही. त्याला ऐकू येत नव्हतं की ऐकायचं नव्हतं? त्याने माझ्या वस्तऱ्यांच्या पेटीकडे बघितलं आणि विचारलं, "मी मेलो का? न्हावी कशाला आलाय?"

म्हातारा गेला तो पुढच्या भाद्रपदात. मला बोलावणं आलं. नदीकाठी चितेपाशी रीतीप्रमाणे मी कैसरच्या वरच्या ओठावरून वस्तरा फिरवला. काढायला काही नव्हतं. दोन दिवसांचे खुंट, तेवढेच. लोक एकमेकांकडे बघत होते.

दहाव्याला पुन्हा नदीवर गेलो. दहा दिवस वस्तरा नाही, त्यामुळे त्याच्या ओठावर मिशी आलेली होती. आखूड, पांढरी, विरळ. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मी पाटावर समोर बसलो आणि पाण्याची वाटी उचलली. तो म्हणाला, आरसा दे. मी दिला. त्याने बोटं ओली केली आणि दोन्ही टोकं वर वळवायचा प्रयत्न केला. केस तेवढे लांब नव्हते, वळेनात. तरी तो वळवत राहिला. मग आरसा खाली ठेवला.

माझ्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "दादा, त्यो हुकूम खोटा व्हता. मास्तर नि मी, आमी थट्टा केलती."

"ठाव हाय," तो म्हणाला. "तलाठ्यानं त्याच आठवड्यात सांगितलं मला."

वाटीतलं पाणी माझ्या पायावर सांडलं. मी विचारलं, मग सतरा वर्षं माझ्याकडेच का आलात, गावात दुसरा न्हावी होता.

"त्याच्याकडं गेलो असतो तर तू इसरला असतास, रं," तो म्हणाला, आणि त्याने मान मागे टाकली. "चालव आता."

मी चालवला. तोच जर्मन वस्तरा होता, धार लावून लावून अर्धा झालेला. पांढरे केस पाण्यावर पडले आणि वाहत गेले. त्यानंतर तो माझ्या दुकानात आला नाही. स्टेशनासमोर मोठ्या आरशांचं नवीन सलून निघालं, तिथे जायचा असं ऐकलं. मिशी ठेवली की नाही ते बघायला मी कधी गेलो नाही. बांगड्या अजून माझ्या फळीवर आहेत. एक डझन, हिरव्या, मोजायची गरज नाही.